पायऱ्या किती आहेत?

कुठेही जायचे ठरले की माझ्या आपाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. लग्न कोणाचे, दावत कसली, सोबत कोण कोण येणार, हे सगळे नंतर. आधी ती विचारते, "पायऱ्या किती आहेत?"

आपा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दीड-दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. गावोगाव डोस पाजणारी पल्स पोलिओ मोहीम सुरू व्हायला तेव्हा वीस वर्षे बाकी होती. एका पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी घेऊन आपा शाळेत गेली, शिवणकाम शिकली, अम्मीच्या मागे घरही तिनेच सांभाळले. आता पन्नाशी ओलांडल्यावर गुडघे आणि खांदे दोन्ही थकले आहेत. घराबाहेर पडायचे तर व्हीलचेअर लागते.

आमचे गाव मुळशी तालुक्यातील कोळवण. पौडवरून आत वळले की हे खोरे लागते आणि पुढे रस्ता तिकोनापेठेकडे जातो. तिकोना किल्ला आम्हा मुलांच्या रोजच्या नजरेतला. इफ्तारच्या वेळी ओट्यावर बसून सूर्य कुठवर उतरला हे बघायचे, तेव्हाही तो काळा त्रिकोण समोर असायचा. शाळेची सहल दरवर्षी तिथेच. आपाही सहलीला जायची, पण पायथ्यापर्यंत. सगळे वर गेले की ती झाडाखाली बसून मुलांचे डबे आणि पिशव्या राखायची. संध्याकाळी आम्ही खाली आलो की ती विचारायची, "वर काय आहे?" आम्ही धापा टाकत म्हणायचो, "काही नाही गं, दगड आहेत नुसते." तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही असे म्हणत होतो. पण त्यामुळे वर नेमके काय आहे हे तिला कधी कळलेच नाही, हे लक्षात यायला मला चाळीस वर्षे लागली.

लक्षात आणून दिले तेही तिनेच. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आमच्या शेजारच्या मावळातला लोहगडही आहे. मी कौतुकाने बातमी वाचून दाखवत होतो. आपाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "जगाचा वारसा झाला म्हणतोस. त्या जगात मला धरलं आहे का?"

मी इतिहासावर तासभर व्याख्यान देऊ शकतो. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते.

गड अडवण्यासाठीच होता

आधी गडाची बाजू समजून घेतली पाहिजे. तिकोना सुमारे साडेतीन हजार फूट उंच. १४८५ च्या सुमारास मलिक अहमद निजामशहाने तो घेतला, १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी स्वराज्यात आणला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना जे २३ किल्ले द्यावे लागले, त्यांतही तो होता. माथ्यावर त्र्यंबकेश्वर महादेवाचे मंदिर आहे, पाण्याची टाकी आहेत. तिथून पवना धरणाचे पाणी आणि लोहगड, विसापूर, तुंग हे सगळे दिसते. शेवटचा टप्पा कातळातल्या खड्या, उंच पायऱ्यांचा आहे. धडधाकट माणूसही तिथे हाताने आधार शोधतो.

या पायऱ्या चुकून अवघड झालेल्या नाहीत. शत्रूला दम लागावा, त्याला एका वेळी एकालाच वर येता यावे, दारापाशी वळताना तो उघडा पडावा, यासाठीच गडाच्या वाटा तशा बांधल्या जात. माणसाला अडवणे हेच गडाचे काम होते आणि ते त्याने चोख केले. म्हणून तिकोन्याच्या माथ्यापर्यंत रॅम्प करा, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. आपाही म्हणत नाही. तिचे म्हणणे वेगळे आहे. "गडानं मला अडवलं तर राग नाही. पण पायथ्याच्या फाटकानं का अडवावं?"

अडथळा कोणत्या काळातला?

हे फाटक काय असते, ते मला एका शैक्षणिक सहलीत कळले. पुण्यातील एका जुन्या वास्तूत मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. त्यात एक विद्यार्थी व्हीलचेअरवरचा आणि एक विद्यार्थिनी अतिशय मंद दृष्टीची. वास्तूचा मूळ दरवाजा एवढा रुंद की हत्ती आत जावा. त्यातून खुर्ची सहज गेली असती. पण दरवाजाच्या अलीकडे गर्दीवर नियंत्रण ठेवण्यासाठी अलीकडेच बसवलेले फिरते लोखंडी फाटक होते. खुर्ची तिथे अडली. शेजारच्या मोठ्या फाटकाला कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर होते.

शेवटी मुलांनी खुर्ची उचलून आत नेली. आत बागेतल्या वाटेवर सुशोभीकरणासाठी खडी पसरलेली, त्यात चाके रुतली. स्वच्छतागृह नवे कोरे, पण दाराशी तीन पायऱ्या. माहितीचा फलक काळ्या दगडावर करड्या अक्षरांत कोरलेला. ती मुलगी फलकाला नाक लावून उभी राहिली आणि मग म्हणाली, "सर, तुम्हीच वाचा." थोड्या वेळाने तिने हळूच विचारले, "खांबाला हात लावू का? नक्षी कशी आहे ते कळेल." तेवढ्यात पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. त्याचेही चूक नव्हते, हजारो हात लागले तर नक्षी झिजते. पण मग त्या नक्षीची एखादी प्रतिकृती बाजूला ठेवायला काय हरकत होती?

परतताना आम्ही बसमध्ये यादी केली. एकूण अडथळे सात निघाले. त्यातला जुन्या बांधकामाचा एकच, आतल्या दालनाचा उंच उंबरा. बाकीचे सहा गेल्या काही वर्षांत बसवलेले, सरकारी खर्चाने, निविदा काढून. आपण दोष इतिहासाला देतो. प्रत्यक्षात अडवणारी बहुतेक कामे आपल्याच पिढीची असतात.

कायदा काय म्हणतो?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग आहेत, त्यांतले २९ लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात. तेव्हा कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार मोजले जात होते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये ते २१ झाले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सार्वजनिक वापराच्या जुन्या इमारतीही नियम आल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा कराव्यात, असे त्यात आहे. नियम जून २०१७ चे आहेत, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. त्याआधी ३ डिसेंबर २०१५ रोजी केंद्राने 'सुगम्य भारत अभियान'ही सुरू केले होते.

मग काम का अडले? याचे एक कारण सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिले. स्वतः दृष्टिबाधित असलेले राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवरचा तो निकाल आहे. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा, की कायदा सुगमता सक्तीची करतो, पण त्याखालच्या नियमाने तिला नुसत्या मार्गदर्शक सूचनांवर सोडून दिले आहे. तो नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान काही मानके बंधनकारक करण्यासाठी सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. थोडक्यात, रॅम्प ही मेहरबानी नाही, हे आता न्यायालयानेही सांगून झाले आहे.

आणि मनात आणले तर काय होते, तेही देशाने पाहिले आहे. २००१ च्या जानेवारीत जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले. त्यांना दिल्लीतील ऐतिहासिक वास्तू पाहायच्या होत्या. दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारे आणि स्वतः व्हीलचेअर वापरणारे जावेद आबिदी यांनी पाठपुरावा केला आणि कुतुबमिनार, जंतरमंतर अशा ठिकाणी पुरातत्त्व खात्याने तात्पुरते लाकडी रॅम्प टाकले. एकही दगड हलला नाही, एकाही खांबाला धक्का लागला नाही. हॉकिंग यांच्यासाठी जे थोड्या दिवसांत जमले, ते तिकीट काढून येणाऱ्या सामान्य माणसासाठी वर्षानुवर्षे का जमू नये?

सगळीकडे एकच उपाय नाही

वारसा जपणाऱ्यांची काळजी मात्र खोटी नाही. ग्रीसमध्ये अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर डिसेंबर २०२० मध्ये नवी लिफ्ट सुरू झाली. त्याच सुमारास वर काँक्रीटच्या रुंद वाटा केल्या गेल्या. चाकाच्या खुर्चीवरची माणसे पहिल्यांदाच पार्थेनॉनच्या समोर विनासायास पोहोचली. पण त्या काँक्रीटवर जगभरातून टीकाही झाली. दोन्ही बाजूंमध्ये तथ्य होते. आपल्याकडेही संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि ते योग्यच आहे. म्हणूनच नंतर काढून ठेवता येईल असा लाकडी किंवा लोखंडी रॅम्प हा मधला मार्ग असतो. त्याचे साधे गणित असे, की एक फूट उंची चढायची तर उतार बारा फूट लांब हवा. घाईत टाकलेला खडा रॅम्प हा घसरगुंडीच होतो.

महाराष्ट्रात तर प्रत्येक जागेचे उत्तर वेगळे आहे. पन्हाळ्यावर थेट गाडी जाते. सिंहगडावरही वाहनतळापर्यंत रस्ता आहे. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, सुमारे दीड हजार पायऱ्यांची चढण तो काही मिनिटांत संपवतो. पण पाळण्यातून उतरल्यावर पुन्हा पायऱ्या लागतातच. सिंधुदुर्गाला होडीतून जावे लागते, तिथे प्रश्न होडीत चढण्या-उतरण्याचा. वेरूळचे कैलास लेणे रस्त्याच्या पातळीवर, तर अजिंठ्याची लेणी पायऱ्यांवर.

अजिंठ्याला डोलीवाले आहेत. त्यांच्या खांद्यांवरून असंख्य वृद्ध माणसांनी ती चित्रे पाहिली आहेत, त्या कष्टांना सलाम. आपाही एकदा डोलीतून गेली. परत आल्यावर म्हणाली, "लोक लेणी सोडून माझ्याकडेच बघत होते." डोली नको असे तिचे म्हणणे नाही. दुसरा काही मार्ग असेल तर आधी तो मिळावा आणि डोली शेवटचा उपाय असावा, एवढेच.

बीबी का मकबरा हे आणखी वेगळे उदाहरण. औरंगजेबाचा मुलगा आजमशहा याने आई दिलरस बानू बेगम हिच्यासाठी सतराव्या शतकात तो बांधला. गड माणसाला अडवायला बांधला होता, मकबरा मात्र माणसे यावीत, थांबावीत, दुआ करावी म्हणून. कारंज्यांच्या कडेची वाट सपाट आहे, पण मुख्य इमारत उंच जोत्यावर आहे. कबर त्याहून खाली, संगमरवरी जाळीच्या आत, आणि लोक वरच्या सज्जातून ती पाहतात. म्हणजे जोते चढले तरच कबर दिसते. ज्याला ते चढता येत नाही त्याच्यासाठी खालच्या वाटेवर एखादी हाताने चाचपता येईल अशी प्रतिकृती, आतल्या दालनाची चित्रफीत असे काही करता येईल. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अनुभव' नावाचे दालन आहे, तिथे प्रतिकृतींना हात लावून पाहायची मुभा आहे. माझ्या त्या विद्यार्थिनीला असेच काही हवे होते.

बासी ईदचा बेत

हे सगळे आजच लिहावेसे वाटले, कारण रमजानचा शेवटचा टप्पा आला की घरोघरी बासी ईदचे बेत सुरू होतात. ईदच्या दुसऱ्या दिवशी मुलाबाळांना घेऊन कुठेतरी फिरायला जायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. कोणी बागेत जातो, कोणी दर्ग्याला, कोणी किल्ला किंवा मकबरा पाहायला. डब्यात उरलेला शीरखुर्मा, बिर्याणी. त्या दिवशी प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार घरांत एखादे माणूस मागे राहते. गुडघे गेलेले दादाजान, दिसेनाशी झालेली नानी, व्हीलचेअरवरची आपा. विचारले तर ते म्हणतात, "तुम्ही जा, घर कोणी तरी सांभाळायला हवं." आपण ते खरे मानतो आणि निघतो.

यंदा मी ठरवले, की आपाला नेता येईल अशी जागा शोधायची. तीन-चार ऐतिहासिक ठिकाणी फोन केले आणि तिचाच प्रश्न विचारला, पायऱ्या किती आहेत? एकाने सांगितले, "या की, बघू." दुसरा म्हणाला, "चार माणसं सोबत आणा, उचलतील." तिसऱ्याने संकेतस्थळ पाहायला सांगितले. तिथे वेळ होती, तिकीट होते, कॅमेऱ्याचे शुल्क होते, पायऱ्यांचा उल्लेख नव्हता. सुगमतेची सुरुवात रॅम्पपासून होत नाही. ती खऱ्या माहितीपासून होते. पायऱ्या अमुक इतक्या, कठडा आहे किंवा नाही, व्हीलचेअर मिळते किंवा नाही, स्वच्छतागृह कसे आहे, बसायला जागा किती अंतरावर आहे, एवढे फाटकावर आणि संकेतस्थळावर लिहायला फारसा खर्च येत नाही. "चाळीस पायऱ्या आहेत, दुसरी वाट नाही" हे उत्तरही चालेल. निदान माणूस दारात जाऊन परत फिरणार नाही.

रोज सहरीला उठताना मला अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांची आठवण होते. ते दृष्टिहीन होते. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, त्या प्रसंगावर कुरआनात 'अबस' ही सूरत उतरली, हे आपण जाणतो. पण रमजानशी त्यांचा आणखी एक संबंध आहे. मदिनेत पहाटे दोन अजान होत. हजरत बिलाल (रजि.) यांची अजान रात्र असतानाच होई. लोकांनी खाणे-पिणे थांबवायचे ते इब्ने उम्मे मक्तूम यांची अजान ऐकून. ज्यांना पहाट दिसत नव्हती, त्यांच्या आवाजावर गावाचा रोजा सुरू होत असे. हे कसे शक्य होते? हदीसमध्ये येते, की उजाडले असे लोक त्यांना सांगत आणि मग ते अजान देत. त्यांना घरी बसवले नाही, त्यांचे काम दुसऱ्याला दिले नाही. त्यांना लागणारी एक माहिती वेळेवर दिली आणि बाकीचे त्यांनी केले.

हाच नियम आपल्या मशिदींनाही लावायला हवा. किती मशिदींत वजूखान्याकडे जाताना पायऱ्या आहेत, किती ठिकाणी कठडा आहे, हे या ईदआधी आपण मोजायला हरकत नाही. सरकारकडे बोट दाखवताना आपला उंबरा आधी पाहिलेला बरा.

तिकोन्याच्या पायथ्याशी

चाँद दिसायच्या आधीच्या रविवारी आम्ही आपाला घेऊन तिकोनापेठेला गेलो. गाडी जाते तिथवर गाडीने, पुढे सपाट दिसेल तिथवर खुर्चीने. बाकी माझा चौदा वर्षांचा मुलगा वर गेला आणि जिथे जिथे रेंज मिळाली तिथून त्याने फुप्पीला व्हिडिओ कॉल केला. गडाचा दरवाजा, कातळात कोरलेला मारुती, लेणे, टाक्यांतले पाणी, माथ्यावरचे मंदिर, पलीकडे पवनेचे निळे पाणी. आपाने त्याला तीन वेळा थांबवून फोन वळवायला लावला. "तिथं काय आहे? ते डावीकडचं दाखव. पाणी पिण्यासारखं आहे का?" चाळीस वर्षांपूर्वी आम्ही जे सांगितले नव्हते, ते ती आता नीट विचारून घेत होती.

माथ्यावर नेता येत नसले तरी तिकोन्याच्या पायथ्याशी बरेच काही करता येईल, हे तिथे बसल्यावर दिसले. सपाट केलेली शंभर पावलांची वाट, पाठ टेकायला बाक, बिनपायरीचे स्वच्छतागृह, मोठ्या ठळक अक्षरांतला आणि ब्रेलमधला फलक, वरच्या प्रत्येक जागेची चित्रफीत, ऐकू न येणाऱ्यांसाठी तिच्यावर मजकूर. आणि हाताला लागेल असा गडाचा छोटा दगडी नमुना, म्हणजे हा त्रिकोण कसा आहे ते डोळ्यांशिवायही कळेल. एवढ्यासाठी गडाचा एकही दगड हलवावा लागत नाही.

मुलगा खाली आला तेव्हा घामाने भिजला होता. आपाने त्याला पाणी दिले आणि तिचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"मोजत होतो, फुप्पी," तो म्हणाला, "पण मधेच चुकलो."

"मग पुढच्या वेळी कागद घेऊन जा," आपा म्हणाली. "नीट मोज आणि खाली लिहून लाव. कुणाच्या तरी कामाला येईल."